दंडाचा घेर

वाशिंदच्या स्टेशनापासून आत, भातखाचरांच्या बांधाबांधाने दोन कोस चालत गेले की आवळेपाडा लागतो. पाड्याच्या तोंडाशीच एक कौलारू खोली आहे. तिच्या आढ्याला लोखंडी आकडा, आकड्याला घड्याळासारखी तबकडी असलेला काटा आणि काट्याखाली जाड कापडाची झोळी. १९८४ साली ही अंगणवाडी उघडली, तेव्हापासून काशीबाई बारकू देसले या तिच्या सेविका. मूल झोळीत बसे, रडे, तबकडीवरचा काटा थरथरून स्थिर होई आणि काशीबाई तो आकडा त्या मुलाच्या कार्डावर एका ठिपक्याने उतरवीत. मागल्या महिन्याच्या ठिपक्याला या महिन्याचा ठिपका जोडायचा. वजन जितके कमी तितकी कार्डावरची श्रेणी वरची, आणि चौथी श्रेणी म्हणजे मूल मरणाच्या दारात. रेघ वर चढली की त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरे, ते पूजा सांग झालेल्या यजमानाच्या मुद्रेवरच पाहायला मिळते.

पण काटा हे सरकारी साधन होते. काशीबाईंचे स्वतःचे साधन निराळे होते: उजव्या हाताचा अंगठा आणि मधले बोट. दंड मापण्याची रंगीत पट्टी त्यांना प्रशिक्षणात मिळाली होती. ती पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी कुरतडली आणि मग बोटेच पट्टी झाली. पोराच्या दंडाभोवती ही दोन बोटे वेढायची. मधल्या बोटाचे टोक अंगठ्याला जेमतेम ओलांडून गेले तर पोर सुखात. ते अंगठ्याच्या मुळापर्यंत सरकले तर त्या घरी आज संध्याकाळी सुकडीच्या पौष्टिक पिठाची पिशवी घेऊन जायचे आणि पोराच्या पोटात चार घास गेलेले पाहूनच उठायचे. काट्याने आणि बोटांनी वेगळा कौल दिला, असे सहसा घडत नसे.

ही सवय इतकी हाडीमांसी भिनली होती की काशीबाई येताना दिसल्या की कातकरवाडीतली पोरे "काशीबाय आली, हात लपवा रे!" म्हणून ओरडत पळत. शेजारच्या जनीच्या लेकीच्या लग्नात बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरदेवाचा दंडही त्यांनी सहज धरून पाहिला होता आणि "नवरा दुसऱ्या श्रेणीतला हाय गो जने, हळद पुरे, आता सुकडी चारा," असे म्हणून मांडव हसवला होता.

ज्या बाईने हजार दंड मापले, तिला आपल्याच घरातला एक दंड तब्बल दोन वर्षे मापावासा वाटला नाही. ही कथा त्या दंडाची आहे.

काशीबाईंना एकच लेक, अक्षदा. घरधनी बारकू वाशिंदच्या कारखान्यात पाळीने कामाला जात. १९९३ साली पाड्यावर वीज स्थिर झाली, तेव्हा देसल्यांच्या घरी पाड्यातला पहिला दूरदर्शन संच आला आणि दर रविवारी सकाळी अर्धा पाडा त्यांच्या ओटीवर लोटू लागला. त्या काळी एक पौराणिक मालिका लागत असे. तिच्यात वनदेवीचे काम करणारी जी नटी होती, तिचे खरे नाव पाड्यात कुणी घेत नसे. ती वनदेवीच. पडद्यावर तिचे पाऊल पडले की जनी उदबत्ती लावी, म्हाताऱ्या पदर पुढे ओढून हात जोडीत आणि काशीबाई संचापुढे हळदीकुंकू वाहत. मूर्तीत देव पाहण्याची सवय ज्यांच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या लागलेली, त्यांना हलत्याबोलत्या मूर्तीत देव दिसला, यात नवल ते काय? नवल झाले ते पुढेच. देवीची पूजा करता करता तिच्या अंगकाठीचीही पूजा कधी सुरू झाली, ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

"कंबर बघा गो, मुठीत मावंल!" जनी म्हणे.

"वेलीवानी हाय," दुसरी म्हणे.

अशाच एका रविवारी चौदा वर्षांची अक्षदा आतून हातात तांदळाची भाकरी घेऊन, ती खातच ओटीवर आली. भरल्या अंगाची, सावळी, हसरी पोर. काशीबाई पडद्याकडे पाहत सहज म्हणाल्या, "ही बघा आमची देवी! खाऊन खाऊन गोल जात्याची पाळ झाली हाय."

ओटी हसली. अक्षदाही हसली. काशीबाईंना हे वाक्य पुढे आठवलेही नाही. ज्या तोंडाने दिवसभर पोरांना "खा रे, खा" म्हणायचे, त्या तोंडाने घरी केलेली ती थट्टा होती आणि भरल्या अंगाचे तर त्यांना मनापासून कौतुकच होते. परंतु त्या सकाळी हातातली उरलेली भाकरी अक्षदाने न खाता आत नेऊन टोपलीत ठेवली.

तीन वर्षांनी ती कल्याणच्या कॉलेजात जाऊ लागली. तिच्या वहीत एका साप्ताहिकातली मुलाखत कात्रून ठेवलेली असे. वनदेवीने तिच्यात सांगितले होते की, मी कसलेही पथ्य पाळत नाही, आईच्या हातचा तूपभात पोटभर खाते, माझी अंगकाठी जन्मजातच अशी आहे. हे शब्द अक्षदाने इतक्या वेळा वाचले की कागद घडीवर विरला. त्यांचा तिने लावलेला अर्थ साधा होता. देवी तूपभात खाऊन वेलीसारखी राहते आणि आपण भाकरी खाऊन जात्याची पाळ होतो. तेव्हा दोष अन्नाचा नाही, आपल्या अंगाचा आहे. दोषी अंगाला शिक्षा हवी.

त्या श्रावणात तिने सोमवार धरले. मग शनिवार. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर. मार्गशीर्षातले गुरुवार, दर महिन्याची चतुर्थी, एकादशी. साबुदाणा नको, वरी नको, केळेसुद्धा नको. काशीबाईंनी आरंभी काळजीने विचारले, "इतका कशाला गो?"

"बाबांच्या छातीत दुखतं ना, त्यांच्यासाठी," अक्षदा म्हणाली.

बारकूंच्या छातीत कारखान्यातल्या धुरामुळे खरोखरच दुखत असे. आईला गहिवरून आले. जी पोर बापासाठी अन्न सोडते, तिला काय विचारायचे? नवरात्रात घटाची आरती पाड्याने अक्षदाच्या हातून ओवाळून घेतली. म्हाताऱ्या तिच्या पाया पडल्या. "काशे, तुझ्या पोटी देवमाणूस आला," जनी म्हणाली आणि काशीबाईंनी तो मान पदर पसरून घेतला. उपवास म्हणजे देवाच्या सन्निध वास करणे, असे शास्त्र सांगते. पोर कुणाच्या सन्निध वास करीत होती, हे विचारण्याचे भान कुणालाही नव्हते.

उपवास नसेल त्या दिवशी अक्षदा डबा घेऊन पहाटेच निघे. "दोन घास खाऊन जा गो," म्हटले की उत्तर ठरलेले: "वाटेत खाईन, आये." संध्याकाळी डबा घासूनपुसून परत येई. ती लांब बाह्यांचे पंजाबी ड्रेस शिवून घेऊ लागली. कॉलेजात सगळ्या तसेच घालतात, म्हणे. फणीत केसांचे गुंतवळ निघे. काशीबाईंना वाटे, कल्याणचे पाणी. ऐन वैशाखात ती शाल पांघरी. वाटे, उपासाने अंग गार पडते. प्रत्येक लक्षणाला एक सज्जन कारण सापडत गेले.

१९९८ च्या आवणीत ती कारणे संपली. देसल्यांच्या खाचरात बायका ओळीने वाकून भाताची रोपे लावीत होत्या. अक्षदा कॉलेज बुडवून मदतीला आली होती. ओळ चार पावले मागे सरकली आणि अक्षदा तेवढी मागे न सरकता तशीच पुढे, तोंडावर, चिखलात पडली.

काशीबाईंनी धावत जाऊन तिला उचलले. उचलताना त्यांनी कमरेत जो जोर धरला होता, तो वायाच गेला. एकोणीस वर्षांची लेक एका हेलकाव्यात वर आली. ओली बाही खांद्याकडे सरकली होती आणि सवयीने, निव्वळ सवयीने, काशीबाईंची दोन बोटे दंडाभोवती वेढली गेली.

ती एकमेकांना भेटली.

शहाण्यासुरत्या बाईच्या दंडाभोवती ती भेटूच नयेत. मध्ये दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. काशीबाई चिखलात तशाच बसून राहिल्या. जनी वरून ओरडत होती, "अगो, भगताला बोलवा! वाऱ्यात सापडली पोर!"

"भगत नको," काशीबाई एवढेच म्हणाल्या.

घरी आणून लेकीला कोरडे कपडे घालावेत म्हणून त्यांनी तिची पेटी उघडली. तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात तिकिटे होती. कल्याण स्टेशनवर लालपिवळ्या दिव्यांचे, गरगर फिरणाऱ्या चकतीचे एक वजनयंत्र होते. त्यावर उभे राहून नाणे टाकले की जाड पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडे. एका अंगाला तारीख, वजन आणि भविष्य, दुसऱ्या अंगाला सिनेमातल्या कुणा तारकेचा चेहरा. दुसऱ्या कुणा आईला तो डबा पोरखेळच वाटला असता. पोरींना असली चित्रे जमवायचा नाद असतोच. पण काशीबाईंनी चित्रे पाहिलीच नाहीत. त्यांनी तिकिटे उलटी केली आणि तारखांप्रमाणे जमिनीवर मांडली. छप्पन्न. चोपन्न. त्रेपन्न. एकोणपन्नास. चव्वेचाळीस. एकेचाळीस. अडतीस. शेवटचे तेहतीस.

चौदा वर्षे त्यांनी ठिपक्याला ठिपका जोडला होता. न जोडताही त्यांना ती रेघ दिसली. असली सरळ उतरती रेघ त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती आणि त्या दोन्ही पोरांची कार्डे आता कपाटात बंद होती.

खाटेवर अक्षदाचे डोळे उघडले होते. ती जमिनीवरच्या तिकिटांकडे पाहत होती.

"ह्या काय हाय?"

काशीबाईंनी शेवटचे तिकीट उचलून तिच्यापुढे धरले.

"देवाचे उपास होते ना गो? बाबासाठी?"

"देवीचेच होते, आये," अक्षदा हळूच म्हणाली आणि भिंतीकडे वळली. दूरदर्शन संचावर मालिकेतल्या वनदेवीची जी तसबीर चिकटवलेली होती, तिच्याकडे पाहायची तिला गरज नव्हती. आईने तिकडे पाहिले.

"डबा कुणाला देत होतीस?"

"स्टेशनावर. भीक मागणाऱ्या बाया असतात."

"आणि मासिक... तिकडं बरा हाय ना?"

अक्षदाने पांघरूण गळ्यापर्यंत ओढले. मग म्हणाली, "दीड वर्ष झालं, नाय येत."

"नाय येत?" काशीबाईंना कळेना. "दर म्हयन्याला बाजूला बसतेस की! मी ताट आणून देते की वटीवर!"

"कॅलेंडर बघून बसत होते."

दर महिन्याला चार दिवस ओटीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसायचे, कशाला शिवायचे नाही, ताट वेगळे वाढलेले. आणि त्या ताटाकडे कुणी पाहायचे नाही, ही घरोघरची रीत. पोरीने त्या रीतीचाच आडोसा केला होता.

"आणि ताटातला?"

"काळीला."

काळी म्हणजे दारातली कुत्री. दर महिन्याला बरोबर चार दिवस ती ओटीच्या पायरीशी का येऊन बसते, याचे काशीबाईंना कौतुक वाटत असे. त्यांनी तिकिटे गोळा केली. लेक उपाशी राहिली, याहून लेकीने आपल्या श्रद्धेच्या, मायेच्या, विटाळाच्याही रीतींना एकेक करून फितवले आणि आपण त्या फितुरीला रोज वाढून दिले, हे त्यांच्या काळजात रुतले. शेजारी विचारायला आले, तेव्हा त्यांनी सांगितले, "कावीळ हाय." पाड्याशी खोटे बोलण्याची त्यांची ही पहिली वेळ.

डॉक्टरांनी रक्त तपासले, शक्तीचे औषध लिहून दिले, "मनाला लावून घेतलंय काहीतरी, लग्न जमवा," म्हणाले. या रोगाला काही नाव आहे, हे त्या वेळी तालुक्यात त्यांना कुणी सांगितले नाही. काशीबाईंनी पोरांवर करीत तेच उपाय केले. समोर बसून घास मोजले, शप्पथ घातली, रडल्या. अक्षदा तोंडात घास धरून बसे आणि आई पाणी आणायला उठली की तो ओढणीत जाई. तेहतीसवरून आकडा किती उतरला, हे कळायला मार्ग नव्हता. झोळीचा काटा पंचवीस किलोंच्या पुढे जात नव्हता. पण बोटे रोज सांगत होती.

अशात भाद्रपदात बातमी आली. मुंबईच्या एका सेवाभावी मंडळाने मुरबाडला पोषण आहाराचा मेळावा ठरवला होता. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या सेविकांनी यायचे आणि प्रमुख पाहुणी कोण, तर वनदेवी!

काशीबाईंना तो कौलच वाटला. ज्या देवीपायी पोरीने अन्न सोडले, त्या देवीने सांगितले तर पोर अन्न घेईल. दुसरी कुणाची मात्रा चालायची नाही. त्यांनी नाचणीचे आणि शेंगदाण्याचे लाडू करायचे काम आपणहून मागून घेतले आणि अक्षदाला म्हणाल्या, "येतेस? वनदेवीला बघायला?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा अक्षदाच्या डोळ्यांत प्रकाश आला.

मुरबाडच्या मैदानावर मांडव घातला होता. मागे शाळेच्या एका खोलीत पाहुणीला बसवले होते. लाडवांचे ताट घेऊन काशीबाई आत गेल्या. जवळून वनदेवी पडद्यावरच्याहून लहान दिसत होती आणि थकलेली. काशीबाईंनी ताट खाली ठेवून तिच्या पायांना हात लावला.

"अहो मावशी, काय हे!"

"बाई, एक मागना हाय." आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळे सांगितले. तिकिटे, डबा, आवणीतला चिखल. पाड्यातल्या कुणाला जे सांगितले नव्हते, ते परक्या बाईला सांगितले. कारण ती परकी नव्हती, देवी होती. "तुमच्या पायी झाला असा नाय म्हणत मी. पण तुमचा शब्द ती मोडायची नाय. एवढा सांगा का जेव म्हणून."

वनदेवीने त्यांचा हात हातात घेतला. तिचे डोळे क्षणभर भरून आल्यासारखे झाले. "नक्की सांगते मावशी. माझ्या धाकट्या बहिणीसारखीच आहे ती. तिलाच गुच्छ द्यायला पाठवा."

काशीबाई बाहेर आल्या त्या हलक्या होऊन.

सभा सुरू झाली. वनदेवीने हातातल्या कागदावरून हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गरोदरपणातली काळजी असे सगळे नीट वाचले. मग अक्षदा गुच्छ घेऊन व्यासपीठावर चढली. मांडवाच्या कडेला ताट धरून उभ्या असलेल्या काशीबाईंनी श्वास रोखला.

वनदेवीने गुच्छ घेतला, अक्षदाच्या खांद्यावर हात ठेवला, छायाचित्रकारांकडे वळली आणि ध्वनिक्षेपकात हसून म्हणाली, "किती नाजूक मुलगी आहे बघा! ना जिम, ना डाएट, गावची शुद्ध हवा! मुंबईत आम्हाला यासाठी काय काय करावं लागतं, तुम्हाला काय सांगू! अशीच राहा हं, बाळ. अशीच राहा."

टाळ्या पडल्या. अक्षदाचा चेहरा उजळून निघाला होता. दोन वर्षांच्या तपाला जणू वर मिळाला होता आणि तो देवीच्या मुखातून, हजार माणसांसमक्ष.

काशीबाईंना टाळ्या ऐकूच येत नव्हत्या. शब्द दिला होता. हात हातात घेऊन दिला होता. विसरली असेल? की छायाचित्रकार पाहिल्यावर तोंडातून आपोआप तेच निघाले, जे नेहमी निघते? कसेही असो, त्यांनी पोरीचा जीव जिच्या ओटीत टाकला, तिने तो हसत हसत परत खाली सोडला होता.

"ताट, ताट आणा," कुणीतरी ढोसले. त्या यंत्रवत पायऱ्या चढल्या. वनदेवीने लाडू उचलला, ओठांशी नेला, छायाचित्रे निघाली. मग दिवे शमले आणि काशीबाईंच्या देखत, त्या दोन हातांच्या अंतरावर उभ्या असताना, लाडू हलकेच रुमालात गेला आणि रुमाल गुच्छाखाली.

हात कसा फिरला, ते काशीबाईंनी पाहिले. बोटांची ती चपळाई, नजर दुसरीकडे ठेवण्याची ती कला त्या दोन महिने रोज घरी पाहत होत्या.

सभा संपली. व्यासपीठाच्या लाकडी पायऱ्या उंच होत्या. उतरताना वनदेवीचा पाय डगमगला आणि जवळ उभ्या असलेल्या काशीबाईंनी तिचा दंड धरला. रेशमी बाहीवरून दोन बोटे वेढली गेली.

ती एकमेकांना भेटली.

काशीबाईंनी हात सोडला नाही. जवळून त्यांना मनगटावर पावडरीखाली बारीक लव दिसली, तशी उपाशी पोरांच्या अंगावर येते. गळ्याची हाडे दिसली. ज्या मूर्तीला त्यांनी पाच वर्षे हळदीकुंकू वाहिले, तिच्या आत चौथ्या श्रेणीच्या वाटेवरचे एक पोर उभे होते. मनातला संताप तसाच होता. पण तोंडातून निघाले ते चौदा वर्षांच्या पेशातले वाक्य.

"बाई, तुमी जेवलाव का?"

वनदेवी दचकली. तिने बाही खाली ओढली. मग हसली. "वेळच नाही हो झाला. गाडीत खाईन, मावशी."

दोन पावलांवर अक्षदा उभी होती. ते वाक्य तिचेच होते. रोज पहाटे दारातून निघताना ती ज्या सुरात ते म्हणे, तोच सूर, तीच घाई, तेच हसू.

मोटार निघून गेली. मायलेकी मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर कल्याणच्या गाडीची वाट पाहत बाकड्यावर बसल्या.

"आये, तिनं लाडू रुमालात घेतला."

"पाहिला मी."

"ती गाडीत नाय खाणार."

"नाय."

अक्षदा हातातल्या पर्सशी चाळा करीत राहिली. मग तिने विचारले, "तू सांगितलं होतंस ना तिला? माझं?"

"हां."

"सगळं?"

"सगळा."

"तरी ती तसं बोलली." अक्षदाचा आवाज चिरकला. "मुलाखतीत सांगितलं होतं, तूपभात खाते म्हणून. मी दोन वर्षं... मला वाटायचं, ती खाऊन तशी, मी खाऊन अशी. माझं अंगच खोटं. खोटी तीच होती, आये."

काशीबाई काही बोलणार, एवढ्यात ती आईकडे वळली. "आणि तू गो? तू काय कमी? 'जात्याची पाळ' कोण म्हणालं होतं? सगळ्या बायांसमोर?"

काशीबाईंना प्रथम कळलेच नाही. मग ती सकाळ आठवली. ओटी, उदबत्ती, पोरीच्या हातातली भाकरी, हसणाऱ्या बाया. वनदेवीने शब्द मोडला म्हणून दुपारपासून ज्या जळत होत्या, त्यांना कळले की देवीच्याही आधी पोरीचा विश्वास एका आईने मोडला होता आणि ती आई हसत होती. त्यांनी पिशवीतला उरलेला लाडू काढून दोघींच्या मध्ये, बाकड्यावर कागदावर ठेवला.

"आधी तू खा," अक्षदा म्हणाली. "माझ्यासमोर. मला तुझा पण भरवसा नाय."

काशीबाईंनी अर्धा लाडू मोडला आणि लेकीच्या नजरेखाली, एकेक घास दाखवून, खाल्ला. लोक पाहत होते. मग अक्षदाने उरलेल्या अर्ध्यातून चिमूटभर तोडले, बराच वेळ बोटांत धरले आणि जिभेवर ठेवले. गाडी आली, तेव्हा तेवढेच गेले होते. बाकीचे काशीबाईंनी परत कागदात बांधले.

येथून पुढे पोर सुधारली, असे एका वाक्यात लिहिणे काशीबाईंवर अन्याय होईल. पुढल्या वर्षी अक्षदाने दोनदा पुन्हा अन्न टाकले. एकदा ताटाखाली भात सापडला, तेव्हा काशीबाईंनी ते ताट अंगणात भिरकावले आणि मग स्वतःच गोळा करून आणले. रोज संध्याकाळी अक्षदा बाही वर सारून हात पुढे करी, "घे, बघ," म्हणे आणि त्या स्वरात राग असे. आई बोटे वेढी. आधी ती भेटत. मग नखांपुरती जागा राहू लागली. कुणी कुणाला क्षमा केली, असे त्या घरात मोठ्याने कधी बोलले गेले नाही. एके संध्याकाळी आईने "कालच्यापेक्षा बरा हाय" म्हटले, तर लेक म्हणाली, "खरं सांग." आई पुन्हा माप घेऊन म्हणाली, "तेवढाच हाय." अक्षदाने मान हलवली. त्या दिवसापासून तिचा स्वर थोडा मऊ झाला.

वजनाची तिकिटे काशीबाईंनी चुलीत घातली. संचावरची तसबीर मात्र अक्षदाने स्वतः काढली. पाठीमागे डिंकाचा चौकोन राहिला, तो घासूनही गेला नाही.

२००३ च्या दिवाळीनंतरची एक दुपार. अक्षदा आता वाशिंदच्या एका कार्यालयात काम करीत होती आणि त्या दिवशी सुट्टीवर होती. मायलेकी दूरदर्शनसमोर जेवायला बसल्या होत्या. काशीबाईंची नजर अजूनही लेकीचा हात ताटातून तोंडाकडे जाईपर्यंत तिच्यावरून हटत नसे. ती सवय आता जाणारही नव्हती आणि अक्षदाला ते ठाऊक होते. एवढ्यात जाहिरात लागली. कसल्याशा तुपाची. एक बाई डायनिंग टेबलाशी बसून, डोळे मिटून, वाफाळता तूपभात ओठांशी नेत होती. पाच वर्षांत चेहरा ओढल्यासारखा झाला होता, पण ओळखू येत होता.

अक्षदाचा हात ताटात थांबला.

काशीबाईंनी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. बिनबाह्यांच्या झंपरातून बाहेर आलेल्या दंडाकडे त्या थोडा वेळ निरखून पाहत राहिल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि मधले बोट नकळत जुळले.

"अजून जेवली नाय गो ही," त्या म्हणाल्या.

अक्षदाने आईकडे पाहिले, मग पडद्याकडे. जाहिरात संपली होती. तिने भातात आमटी कालवली, घास केला आणि आई पाहत असताना तो तोंडात घातला.